जपानातले बिनमास्तरांचे स्टेशन

मी अजून आगगाडीत बसले नाही. पण एक स्टेशन मला चांगले माहीत आहे. ते जपान देशात, होक्काइडो बेटावर होते. त्याचे नाव क्यू-शिराताकी. बाईंनी मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला तेव्हा आम्ही सगळे हसलो. कारण ते स्टेशन म्हंजे नुसती लाकडाची खोली, आमच्या शेतातल्या खोपीएवढी! समोर आखूड फलाट आणि सगळीकडे बर्फ. स्टेशनमास्तर नाही, हमाल नाही, तिकिटाची खिडकी नाही. मग तिकीट कोण देतो? गाडीत चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची. उतरताना ती चिठ्ठी आणि पैसे ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. कंडक्टरसुद्धा नाही! आपल्याकडे असे केले तर किती जण पैसे टाकतील, असे मागच्या बाकावरच्या एकाने विचारले. बाई काही बोलल्या नाहीत.

शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा. क्यू म्हणजे जुने. तिथे वरचे शिराताकी आणि खालचे शिराताकी अशीही स्टेशने होती. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असते ना, तसेच.

या स्टेशनावरून एक मुलगी हायस्कूलला जायची. सकाळी शाळेकडे जाणारी गाडी एकच, ७ वाजून १६ मिनिटांनी. ती चुकली की शाळा बुडाली. २०१६ च्या मार्चमध्ये तिचे हायस्कूल संपले आणि त्याच महिन्यात २६ तारखेला स्टेशन बंद झाले. वरचे आणि खालचेही बंद झाले. तेव्हा जगभर बातमी झाली, की एका मुलीसाठी रेल्वेने स्टेशन चालू ठेवले. मला ही गोष्ट लई आवडली. मी घरी आजीलासुद्धा सांगितली.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, तसे अगदी खरे नाही. तिथे रेल्वेचे वेळापत्रक मार्चमध्ये बदलते आणि शाळेचे वर्षही तेव्हाच संपते. गाडीत दुसऱ्या स्टेशनांवरची मुलेही असायची. मला जरा वाईट वाटले. पण फलाटावर ती एकटी उभी असली तरी गाडी थांबायची. तेवढे तर खरे आहे.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच आहे. जूनपासून मला पाच किलोमीटरवर जायचे आहे. सकाळची गाडी कधी गावात येते, कधी फाट्यावरूनच निघून जाते. गावात माणसे मिळत नाहीत म्हणे. ताईचे असेच झाले. पावसाळ्यात गाडी नाही, ओढ्याला पाणी. मग आबा म्हणाले, राहू दे आता. ती सातवीतून घरी बसली. गणितात ती माझ्यापेक्षा किती तरी हुशार आहे.

हा निबंध मी तिला वाचून दाखवला. ७ वाजून १६ मिनिटे, हे तिने मला परत वाचायला सांगितले.

आता आबांनीच गाडीसाठी अर्ज लिहिला आहे. त्यावर आम्ही चौथीच्या पाचही मुलांनी सह्या केल्या. ताईनेही केली. माझी सही वाकडी आली.