धनुर्मासातलं लग्न

सूर्य धनू राशीत शिरला की पंचांगातले लग्नाचे मुहूर्त आटतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कुणी बोहल्यावर चढत नाही. सोलापुरातही नाही. मंगल कार्यालयांत झाडलोट तेवढी होते, बँडवाले उन्हाला बसून वाद्यं घासतात, आणि ज्यांच्या घरी सोयरीक जमलेली असते ते ‘आता संक्रांत झाल्यावरच’ म्हणून मोकळे होतात. नेमक्या ह्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भोगीला, आमच्या गावात वर्षातलं सगळ्यात मोठं लग्न लागतं. नवरदेवाच्या जागी ग्रामदैवत सिद्धेश्वरांचा योगदंड. नवरी कुंभाराची लेक. वऱ्हाड म्हणाल तर अख्खं सोलापूर, शिवाय कर्नाटक, तेलंगण, आंध्राकडून आलेलं वेगळं.

माझं माहेर बार्शीचं. अंतर काही फार नाही, पण तिकडं धनुर्मास म्हणजे पहाटेची खिचडी, एवढंच. सून होऊन कसब्यातल्या ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच वर्षी आत्यांना विचारलं होतं, मुहूर्त नसताना लग्न कसं लागतं? सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “ज्याला लग्नच करायचं नव्हतं, त्याला मुहूर्त कशाला बघायचा गं?”

गोष्ट अशी सांगतात. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, सिद्धराम, म्हणजे आमचे सिद्धेश्वर, इथं राहिले. त्यांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली, लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, गावाच्या पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापली. त्यांच्या अंगणात एक कुंभाराची मुलगी रोज सडा-रांगोळी करायची. एक दिवस म्हणाली, लग्न करीन तर तुमच्याशीच. योगी माणूस, ते कसं जमावं? पण तिला नुसतं परतवून लावणंही त्यांना जमलं नाही. माझ्या योगदंडाशी लग्न लाव, म्हणाले. तिनं लावलं. आणि ते लग्न गाव अजून दरवर्षी लावतंय.

म्हणून आमच्याकडं धनुर्मास पाळला जातो तो लग्नघरासारखा. पहाटे दिवस उगवायच्या आत नैवेद्य व्हायला हवा: मुगाच्या डाळीची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भरीत, तिळाची चटणी. थंडी अशी की पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. मी कुरकुरते, दरवर्षी. पण सूर्य वर यायच्या आधी गरम खिचडीवर तूप सोडून सगळं घर एका पंगतीला बसलेलं असतं, मामंजी, आत्या, नवरा, अर्धवट झोपेतला पोरगा, आणि दुपारपर्यंत कुणाचंच कुणाशी भांडण होत नाही. एरवी आमच्या घरात सकाळचा चहा भांडणाशिवाय खाली उतरत नाही. देवाधर्माचं मला फार कळत नाही, पण महिनाभर सगळ्यांना एका वेळी ताटावर बसवणारा नियम ज्यानं काढला तो संसारी माणूस असणार.

पूर्व भागात हाच महिना वेगळा दिसतो. तिथं तेलुगू विणकरांची घरं, पद्मशाली समाजाची. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांची खटखट रात्रपाळीतून पहाटेत शिरते, आणि त्या आवाजात बायका दारापुढं ठिपक्यांच्या मोठाल्या रांगोळ्या घालत बसलेल्या असतात. मध्ये शेणाचा छोटा गोळा, त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. माझी एक मैत्रीण तिकडं राहते. कन्नड देवाच्या लग्नाची तयारी मराठी घरात कुठवर आली, ते ती मला तेलुगू हेलात विचारते. सोलापुरात हे कुणाला विशेष वाटत नाही. बाहेरून आलेलीला मात्र वाटतं, अजूनही.

रात्री नंदीध्वजांचा सराव असतो. नंदीध्वज हे नाव पत्रिकेतलं. तोंडात आपलं ‘काठी’. अशा सात काठ्या, वेगवेगळ्या समाजांच्या मानाच्या. एकेक दोन मजली घराच्या वर जाणारी, आणि ती उभी धरून, कमरेच्या पट्ट्यात रोवून, एकट्यानं तोलत चालायचं. भोवती माणसं असतात, पण भार एकाचाच. आमचा पोरगा गेल्या काही वर्षांपासून सरावाला जातो. बारावीचा अभ्यास करताना डोळे मिटायचे, पण रात्री अकराला काठी येतेय म्हटलं की चप्पल घालायचं भान राहायचं नाही. काठी गल्लीत वळते तेव्हा सगळ्या गच्च्या, गॅलऱ्या भरतात. मामंजींनी तरुणपणी काठी पेललेली. आता गुडघे गेलेत, पण गॅलरीतून ओरडायला गुडघे लागत नाहीत: “शेंड्याकडं बघ बे, पायाकडं काय बघायलास!” एरवी आजोबा-नातवाचं बोलणं म्हणजे ‘जेवलास का’ आणि ‘हो’. ह्या महिन्यात मात्र मध्यरात्रीनंतर दोघं स्वयंपाकघरात बसलेले असतात. पोराच्या कमरेवर पट्ट्याचा लाल वळ उठलेला, आणि मामंजी कोमट तेल लावत वाऱ्याच्या दिवशी काठी कशी झुकवायची ते समजावतायत. मी दुधाचे पेले ठेवून आत जाते. तिथं तिसऱ्याचं काम नसतं.

एखाद्या रविवारी शेतावर हुरड्याला. सोलापूरची काळी जमीन आणि पावसाळा सरताना पेरलेली शाळू ज्वारी, त्यातही मालदांडी, हे आमच्या घरात देवाइतकंच बोलण्यात येतं. आगटीत गोवऱ्यांच्या विस्तवावर कणसं भाजायची, हातावर चोळायची, आणि शेंगाचटणी, गूळ, दह्याबरोबर खायची ती तिथंच, तळहात पोळत असताना. ह्या हुरड्यालाही सिद्धरामांचा धागा आहे. लहानपणी ते रानात असताना जंगमाच्या वेषात मल्लय्या आला, हुरडा मागून खाल्ला आणि वर दहीभात मागितला, असं आत्या सांगतात. पोर दहीभात आणायला घरी पळालं, परत येऊन बघतं तर जंगम गायब. मग रडत, ‘मल्लय्या, मल्लय्या’ करत ते श्रीशैलपर्यंत गेलं. ही गोष्ट आत्या दरवर्षी आगटीपाशीच सांगतात, आणि दरवर्षी शेवटी म्हणतात, “देवसुद्धा हुरड्यावर दही मागतो, मग तुम्हाला नको कसं म्हणता?” नातवंडांना दही खाऊ घालण्याचा त्यांचा हा मार्ग.

जानेवारी उजाडला की पेटीतून बाराबंद्या निघतात. पांढरी बाराबंदी, धोतर, फेटा. नीळ, खळ, इस्त्री. दोरीवर पुरुषमाणसांचे पांढरे कपडे ओळीनं फडफडतात, आणि आमच्यासाठी इरकली बाहेर येतात. त्याच गडबडीत 12 जानेवारी येते. 1931 साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ह्या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला होता, त्यानंतरच्या खटल्यात. चौकातल्या पुतळ्यांना हार पडतात, मुलं घोषणा देत जातात. आत्या त्या सकाळी यात्रेचं कुठलंही काम काढत नाहीत. का, ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. दुपारनंतर पुन्हा इस्त्री सुरू.

मग यण्णीमज्जन. मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून काठ्या निघतात आणि 68 लिंगांना तेल लावत गावाभोवती फिरतात. लग्नाआधीचं तेल-हळदीचं न्हाणंच ते, फक्त नवऱ्याऐवजी साऱ्या गावाला घातलेलं. दुसऱ्या दिवशी भोगी. पहाटेच भाजी टाकायची: वांगी, गाजर, घेवडा, पावटा, सोलाणे, ओल्या शेंगांचे दाणे, बोरं, वर तिळाचं कूट. बाजरीच्या भाकरीवर तीळ. झाकून ठेवायचं आणि निघायचं, कारण दुपारी संमती कट्ट्यापाशी उभं राहायला जागा मिळत नाही. तळ्याच्या काठानं, किल्ल्याच्या बाजूनं, जिथून जमेल तिथून माणसं आत येत असतात. पांढऱ्या कपड्यांचा तो समुद्र मी शब्दांत आणायचा प्रयत्न सोडून दिलाय. काठ्या येऊन उभ्या राहतात. संमतीचं वाचन सुरू होतं. ‘सत्यम् सत्यम्’ कानावर आलं की हात आपोआप वर जातो आणि अक्षता उडतात. खरं सांगायचं तर निम्म्या पुढच्या माणसाच्या फेट्यावर पडतात. आपल्याही केसांत मागच्यांच्या असतात. कुणाच्या अक्षता देवापर्यंत पोचल्या ह्याचा हिशोब तिथं कुणी ठेवत नाही.

2021 ला कोरोनामुळं मोजक्या मानकऱ्यांनाच परवानगी होती. आम्ही घरात. आत्या सकाळीच इरकल नेसून, नथ घालून तयार. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला, त्यापुढं सगळे उभे. वाचन सुरू झालं, चित्र अडकलं, आवाज पुढं गेला, कुणी आधी टाकल्या, कुणी मागून. मोबाइलवरच्या योगदंडाला आत्यांनी प्रत्येक वेळी मूठ भरून अक्षता वाहिल्या. ते तांदूळ सोफ्याच्या फटीत पाडव्यापर्यंत सापडत होते.

ह्या लग्नाची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला दरवर्षी टोचते. भोगीला नवरी झालेली कुंभारकन्या संक्रांतीच्या रात्री होमात जाते. होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्यांची तिची आकृती करतात, तिला साडी नेसवतात, सौभाग्यलेणं घालतात आणि अग्नी देतात. लग्नानंतर ती सती गेली, अशी श्रद्धा. हजारो हात जोडले जातात. माझेही जोडले जातात, पण घशात काहीतरी अडकलेलं असतं. ज्या मुलीनं नुसतं अंगण झाडून एका योग्याला पेचात पाडलं, तिला एक दिवसाचाही संसार नाही? त्याच दिवशी सकाळी आम्ही बायकांनी कुंभाराकडून आणलेली सुगडं पुजलेली असतात. तिच्याच बापाच्या चाकावरची म्हणा ना. त्यात गहू, उसाचे तुकडे, बोरं, गाजर, हरभरा, तीळ, वर हळदीकुंकू, एकमेकींना वाण. एका वर्षी मी हे आत्यांना बोलून दाखवलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी पाटावरच्या सुगडांतलं एक उचललं, थोडं बाजूला सरकवून ठेवलं, त्यावर जरा जास्तच कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “हे तिचं. आपल्याकडं येऊ दे तिला.” तेव्हापासून आमच्याकडं एक सुगड जास्तीचं येतं. शास्त्रात असेल-नसेल. शेजारच्या दोन घरांतही आता तसं ठेवतात.

त्या रात्री होमानंतर भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य, गूळ, बोरं, पानसुपारी मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की नाही, मुततं की नाही, ह्यावरून पुढच्या सालाचं पाऊसपाणी, महागाई, सगळं सांगितलं जातं. नवऱ्याचा ह्यावर काडीचा विश्वास नाही, असं तो म्हणतो. पण सकाळी वर्तमानपत्र आधी त्याच्याच हातात असतं आणि ‘वासरानं गूळ खाल्ला नाही’ हे तो सगळ्या घराला ऐकू जाईल असं वाचतो. मग शेंगापोळीवरून तूप ओघळत असताना गुळाच्या भावावर तासभर चर्चा. किंक्रांतीच्या रात्री शोभेचं दारूकाम. मग कप्पडकळी: मल्लिकार्जुनाच्या देवळात काठ्यांची वस्त्रं उतरतात, आणि आमचा पोरगा सलग चौदा तास झोपतो.

देवाचं आटोपतं, पण गड्डा राहतो. होम मैदानावरची ही जत्रा पुढं बरेच दिवस चालते: पाळणे, मौत का कुआँ, भजी, चिनी मातीच्या बरण्या, लोखंडी तवे. मला पाळण्यात बसायचं असतं आणि आत्यांना कढई घ्यायची असते. घरात कढया उदंड आहेत. पण गड्ड्यातून काही लोखंडी घेतल्याशिवाय त्यांना यात्रा झाल्यासारखी वाटत नाही. परवा गेलो तेव्हा त्यांनी एक कढई उचलली, बोटानं वाजवली, कानाशी नेली. कन्नडमध्ये भाव विचारला, तेलुगूत नाक मुरडलं, हिंदीत निघून जायची धमकी दिली. दुकानदार मिशीत हसत होता. शेवटी मराठीत म्हणाला, “घ्या आज्जी, तुमच्याच भावानं घ्या. गेल्या वर्षीची गळली का?”

“गळंल कशी?” आत्या म्हणाल्या. “तिच्यातच तर भोगीची भाजी केली. ही सुनंला.”

कढई माझ्या हातात देऊन त्या भज्यांच्या गाड्याकडं चालायला लागल्या. कढई चांगलीच जड होती, आणि पाळणा अजून दोन गल्ल्या पुढं होता.