साईड शो बंद करा, सगळ्यांना शो द्या

मंडळी, आजची पोस्ट पत्त्यांवर आहे. आधीच सांगतो, जुगाराचा अड्डा चालवणं आणि तिथं बसून खेळणं हा १८८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे "पत्रकारसाहेब, तुमचा अड्डा कुठला?" असं कमेंटमध्ये विचारू नका.

पण तीन पत्ती इगतपुरीत कुणाला शिकवावी लागत नाही. दिवाळीत घरोघरी बसते. त्यातला साईड शो तुम्हाला माहीत असेलच. पानं बघून खेळणारा शेजारच्याला साईड शो मागतो. दोघंच एकमेकांची पानं बघतात, ज्याची हलकी तो पॅक. बाकीचे नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात.

माझा एक मित्र पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत पोकरच्या टेबलावर पत्ते वाटायचा. तो सांगतो, तिथं नेमकं उलटं. तुम्ही शेजाऱ्याला पानं दाखवलीत, की कुणीही म्हणू शकतं, "आम्हालाही दाखवा." मग ती पानं सगळ्या टेबलासमोर उघडतात. एकाला दाखवलं तर सगळ्यांना दाखवा. कारण साधं आहे. माहिती म्हणजेच पैसा. ती एकाकडे असली आणि दुसऱ्याकडे नसली, तर पुढचा डाव सरळ राहत नाही.

दुसरा नियम शेवटच्या शोचा. ज्यानं शेवटची बोली वाढवली, त्यानं आधी पानं उघडायची. आणि ज्यानं तेवढेच पैसे टाकून ती बोली पाहिली, त्याला ती पानं बघायचा पूर्ण हक्क. पैसे न टाकता उगाच दुसऱ्याची पानं उलटून बघायला मागणं मात्र असभ्य समजतात. जिंकणारी पानं हातात असताना मुद्दाम ताटकळत ठेवणं तर त्याहून वाईट.

आता आपल्या तालुक्याकडे या. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. मुंबई जवळ आली, जमिनीला भाव आला. माझ्या ओळखीच्या एका काकांनी मुलीच्या लग्नासाठी दीड एकर विकला. काही महिन्यांनी कळलं, शेजारून रस्ता जाणार. घेणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं, काकांना नव्हतं. व्यवहार कागदोपत्री चोख. पण साईड शो झाला होता आणि काका त्या टेबलावर असून नसल्यासारखे होते.

मग कुणी ग्रामसभेत उठून नकाशा मागितला की लोक म्हणतात, "याला काय करायचंय?" अहो, घरपट्टी भरतो तो, पाणीपट्टी भरतो. त्यानं पैसे टाकलेत! शो मागणं हा आगाऊपणा नाही, त्याचा हक्क आहे.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, हे लक्षात ठेवा. पण त्याच कायद्याचं कलम ४ फारसं कुणी वाचत नाही. ते म्हणतं, कार्यालयानं १७ प्रकारची माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करावी. म्हणजे शो मागायचीसुद्धा गरज नाही, पानं आधीच टेबलावर हवीत. प्रत्यक्षात काय होतं? तिसाव्या दिवशी पत्र येतं, "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन पाहावी."

कुणाचा आजार, कुणाचं घरगुती भांडण, ही पॅक केलेली पानं. ती उलटू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं खासगी माहितीचा हा पडदा आणखी रुंद केलाय. सार्वजनिक पैशाची पानंही त्यामागे सरकणार नाहीत ना, यावर डोळा ठेवावा लागेल.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा: गावाच्या हद्दीत रस्ता, पाइपलाइन, धरण, काहीही येणार असेल, तर त्याचा जो कागद गावात एका माणसाला दिसेल, तो त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. ठराव मंजूर झाला तर फोटो पाठवा, छापतो. नामंजूर झाला तर कुणी आणि का केला ते कळवा. तेही छापतो.