चार वाजताचा नाताळ

नोव्हेंबर सरत आला, वेदीशेजारी आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली, की ख्रिस्ती घरांतून दोन प्रकारची तयारी सुरू होते. एक अंतःकरणाची, तिची आठवण धर्मगुरू आम्हांस दर रविवारी देतात. दुसरी स्वयंपाकघराची, तिची आठवण कोणी द्यावी लागत नाही. या दुसऱ्या तयारीविषयीच आज चार शब्द लिहावेत असे मनात आहे. पुरुषमाणसाने या विषयात पडू नये असे कोणी म्हणेल. पण ज्या चुकीत आम्ही उभयता सारखेच भागीदार होतो तिची कबुली एकट्या गृहिणीने का द्यावी?

आम्ही मूळचे डोंगरीचे, बेथलेहेम मातेच्या चर्चच्या सावलीत वाढलेले. संसार मात्र मीरा रोडच्या एका सदनिकेत झाला. नाताळात मित्रमंडळींना जेवू घालायचे ही गावाकडची रीत आम्ही इथेही चालू ठेवली आणि वर्षागणिक ती वाढवीत नेली. एका वर्षी पंचवीस तारखेच्या संध्याकाळी अठरा माणसांना बोलावले. सोरपोतेल, कोंबडीचे इंद्याल, पुलाव, तळलेली मासळी, कटलेट, फुगे, वर शाकाहारी मित्रांसाठी तीन वेगळे पदार्थ. आदल्या रात्रीची मिस्सा आटोपून घरी आलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि पहाटे पाचला गॅस पेटला होता. सायंकाळी सात वाजता पाहुणे येऊ लागले तेव्हा आमची सौभाग्यवती कढईपुढे उभी होती आणि आम्ही ताटे पुसत होतो.

त्या पाहुण्यांत आमचे एक वृद्ध स्नेही होते. भाईंदर लोकलच्या एकाच डब्यातून आम्ही वीस वर्षे चर्चगेटपर्यंत ये-जा केलेली. त्याच वर्षी त्यांची पत्नी निवर्तली होती. ते तासभर गोठ्याशेजारच्या खुर्चीवर बसून होते. दोनदा त्यांनी आमच्याकडे पाहून काही बोलायला तोंड उघडले. दोन्ही वेळा आम्ही, “आधी जेवून घ्या, मग निवांत बोलू,” म्हणून पुढे सरकलो. निवांतपणा काही आला नाही. ते जेवले, पदार्थांची स्तुती केली आणि निघून गेले. फेब्रुवारीत त्यांच्या इमारतीच्या पहारेकऱ्याकडून कळले, की घर विकून ते मुलीकडे परगावी गेले. सांगायचे होते ते बहुधा हेच. ते आमच्या घरी आले होते आणि आम्ही घरी नव्हतो, असेच म्हटले पाहिजे.

लूककृत शुभवर्तमानातली मार्था आणि मरिया यांची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कामाच्या रगाड्यात सापडलेली मार्था आणि प्रभूच्या पायाशी बसलेली तिची बहीण. खरे सांगायचे तर आमची सहानुभूती नेहमी मार्थेकडेच असे. कारण सगळ्यांनीच बसून ऐकायचे ठरवले तर चूल कोण पेटवणार? त्या फेब्रुवारीपासून मात्र ही कथा वेगळी वाचता येऊ लागली. चूल पेटवावी लागतेच. ती किती वेळ आणि केव्हा, एवढेच ठरवायचे असते.

मग आम्हांला आमच्या आईचा नाताळ आठवू लागला. घरात माणसे आमच्याहून अधिक, सोयी जवळजवळ नाहीत. तरी सणाच्या दिवशी ती ओटीवर पाहुण्यांत बसलेली आठवते. हे कसे जमे? विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की तिचा नाताळ एप्रिल-मे महिन्यांतच सुरू होई. कडक उन्हात वाळवलेल्या मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस आणि कितीतरी जिन्नस भाजून, कुटून बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरले जात. म्हणून तो बाटली मसाला. एकदा तो घरात असला की डिसेंबरात वाटणघाटण निम्म्यावर येई. सोरपोतेल सणाच्या तीन दिवस आधी शिजे. डुकराचे मांस आणि काळीज बारीक चिरून, परतून, मसाला व ताडीच्या शिरक्यात मुरत ठेवायचे आणि रोज एकदा ऊन करायचे. पहिल्या दिवशी ते साधारण लागते. तिसऱ्या दिवशी खरे लागते. इंद्यालाचेही तेच. ज्या पोर्तुगीज पदार्थावरून ते आले त्याच्या नावातच मद्य आणि लसूण आहेत. आंबवलेल्या द्रवात मांस टिकवण्याची ती युक्ती, आपल्या लोकांनी ताडीच्या शिरक्यावर निभावली. आमच्या पूर्वजांचे सणाचे जेवण म्हणजे सणाच्या दिवशी न रांधायचे जेवण होते! आम्ही पदार्थ तेच ठेवले, पण सारे काही ताजे, गरम आणि त्याच दिवशी करण्याचा हट्ट धरला, आणि वर त्याला परंपरा म्हणू लागलो.

फुग्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध ताडीने आंबवायचे, मग ते सैल पीठ मुठीतून पिळून त्याचे गोळे उकळत्या तेलात सोडायचे. एकीने पिळायचे, दुसरीने तळायचे, तिसरीने मुलांना दूर ठेवायचे. फुगे ही एकट्या बाईची पाककृतीच नव्हे. उत्तन-डोंगरीच्या घरांत जावा, नणंदा, शेजारणी असत. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत कोण आहे? तेव्हा आम्ही फुगे बंद केले. बंद म्हणजे गावी, भावाच्या घरी, अनेक हात असतील तेव्हा करतो. आमच्या एका मावशींना हे आजही रुचलेले नाही.

दुसरा बदल दिवसाचा. ख्रिस्तसभेच्या पंचांगात नाताळ एका दिवसात संपत नाही; आठ दिवसांचे अष्टक एक जानेवारीला पुरे होते आणि पुढे प्रकटीकरणाचा सण येतो. मग पंचवीस तारखेलाच सर्वांना का गोळा करावे? तो दिवस मिस्सेचा, कुटुंबाचा आणि दुपारच्या झोपेचा. मित्रांना आम्ही त्यानंतरच्या रविवारी बोलावू लागलो.

वेळ ठरवून दिली ती आमच्या तळमजल्यावरच्या गुजराती शेजारणीने. त्यांना आम्ही सारे बा म्हणतो. त्या जैन, सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. “सात वाजता बोलावता, म्हणजे बोलावतच नाही,” असे त्या एकदा हसत म्हणाल्या आणि आम्ही वरमलो. डिसेंबरअखेर इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हापासून आमचा नाताळ दुपारी चारचा झाला. चार वाजता येणाऱ्या माणसाची सहा पदार्थांची अपेक्षा नसते, हा लाभ आम्हांला नंतर उमगला.

आता पानात काय असते ते सांगतो. सुरमईचे दीड किलो तुकडे हळद-मीठ लावून आदल्या दिवशी तळायचे. दोन पेले शिरक्यात आल्या-लसणाच्या चकत्या, हिरव्या मिरच्या, मिरीदाणे, कांद्याच्या कापा आणि चमचाभर साखर घालून एक उकळी आणायची व थोडे निवले की माशांवर ओतायचे. भांडे काचेचे वा चिनी मातीचे हवे. पितळ, ॲल्युमिनियम नको, आंबटाने धातू कळकतो. रात्रभर शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी तसेच वाढायचे. नयानगरचे आमचे मुसलमान मित्र ही मासळी निःशंकपणे खातात, हेही आम्ही पाहिले. सोरपोतेल आता पंचवीस तारखेला घरच्यांपुरते. गरम पदार्थ एकच. नारळाच्या दुधात ओले मटार आणि काजू घालून केलेला भात, तोही मासळीपासून दूर, वेगळ्या भांड्यात, म्हणजे शाकाहारी मंडळींना संकोच नको. बेकरीचा पाव. गोडाला दहा दिवस आधी तळून डब्यात भरलेली कलकले, अंड्याशिवाय केलेली, आणि खोबऱ्याच्या वड्या. कलकलांच्या पिठाच्या गोळ्या कंगव्यावर वळण्याचे काम नातवंडांचे. ती वेडीवाकडी होतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. शेवटी नागपूरची संत्री, टोपलीभर.

पहिल्या वर्षी बा आल्या तेव्हा आम्ही थोडे ताठलो होतो. मांसमासळी शिजणाऱ्या घरातले रांधलेले त्या खाणार नाहीत हे माहीत होते. त्यांनी आढेवेढे न घेता ते सांगितले, टोपलीतले एक संत्रे उचलले आणि गोठ्याशेजारच्या त्याच खुर्चीवर बसल्या. सोलता सोलता त्यांनी विचारले, की या बाळाच्या आईला बाळंतपणात कोणी सोबतीण होती का? आम्ही म्हणालो, शुभवर्तमानात तसे काही लिहिलेले नाही. त्यावर त्यांनी भावनगरजवळच्या आपल्या गावातल्या एका गोठ्यात, पावसाळ्यात, त्यांचा स्वतःचा जन्म कसा झाला ते सांगितले. सांगणे चांगले तासभर चालले. आमची सौभाग्यवती त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसून ऐकत होती. भात झाकलेला होता, मासळी मुरलेली होती, आत कोणाचे काही अडले नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही त्या वृद्ध स्नेह्यांचा दूरध्वनी क्रमांक शोधून काढला. पलीकडून त्यांचाच आवाज आला. यंदा चार वाजता या, असे म्हणालो, तर ते म्हणाले, “इतक्या लांबून? जेवायला?” आम्ही म्हणालो, जेवायला फारसे काही नाही, बोलायला या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गाडी कोणती सोयीची पडेल ते पाहतो.