एक कटिंग डिझेल

निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांचा पहिला मोर्चा गाडीतल्या स्वयंपाकघराकडे वळतो. ओट्याखालचे कप्पे उघडून ते आतलं सामान एकेक करून बाहेर मांडतात. दोन कुकर, बिडाचा तवा, मिक्सरची तीन भांडी, दहा किलो तांदूळ, पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके. "चार दिवस कोकणात जायचं तर दहा किलो तांदूळ कशाला? तिकडे भात पिकत नाही का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मग दुसरा कुकर, सहा किलो तांदूळ आणि एक खोका घरात परत जातो. मालकीणबाई कुरकुरतात, पण आता त्यांनाही सवय झाली आहे. ड्रायव्हर आपल्या डब्यांना हात लावतो याचं आश्चर्य वाटायचे दिवस मागे पडले.

अण्णा बत्तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले. हल्ली ते पुण्याच्या एका कुटुंबाची मोटारहोम चालवतात. ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेलं हे चाकांवरचं घर आहे. चौघांना झोपायला जागा, छोटा फ्रिज, गॅसची शेगडी, मागच्या कोपऱ्यात संडास, शंभर लिटर पाण्याची टाकी आणि टपावर एसी व सौर पॅनेल. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर या कुटुंबाला अशा गाडीची हौस झाली. सगळं भरून झालं की ती चार टनांच्या घरात जाते. 'घर' हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा.

एसटीत डिझेलचा हिशेब लिटरवर होत नाही, दहा लिटरवर होतो. दहा लिटरमागे किती किलोमीटर, याला तिथे केपीटीएल म्हणतात. कुणाचा केपीटीएल चढला आणि कुणाचा घसरला, यावर आगारात चहाच्या टपरीपर्यंत चर्चा चालते. अण्णा अजून दहानेच बोलतात. मालक विचारतात, "अण्णा, ॲव्हरेज कितीचं पडलं?" अण्णा सांगतात, "दहाला एकशेदोन." मालक मनातल्या मनात दशांश चिन्ह सरकवतात.

हा आकडा मीटरवर बघून सांगायचा नाही, हा त्यांचा नियम आहे. गाडीतला पडदा दर मिनिटाला वेगळंच काही दाखवतो, आणि तो मालकाला खूश ठेवायला बसवलाय असा अण्णांचा पक्का संशय आहे. त्यांची पद्धत जुनी, टाकी ते टाकी. टाकी भरायची, नोझल स्वतःहून बंद झालं की थांबायचं, पंपावरच्या पोराला "अजून थोडं बसतंय" म्हणू द्यायचं नाही, किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, सकाळच्याच वेळी. सकाळचा आग्रह हिशेब सारखा राहावा म्हणून. पंधरा अंश तापमानाच्या फरकाने डिझेलचं आकारमान एक टक्क्याहून थोडं जास्त बदलतं. ज्याला दहाला दोन-तीन किलोमीटर वाढल्याचा आनंद मानायचा आहे, त्याने आधी ही एक टक्क्याची भानगड मिटवायला हवी. एका टाकीवरून ते कधी निष्कर्ष काढत नाहीत. तीन टाक्या झाल्या की मग बोलतात.

त्या वहीत पुणे-कोल्हापूर रस्ता सगळ्यात जास्त वेळा आला आहे. ताशी ९५ ने हाणली तर दहाला ऐंशीच्या आसपास. ८० ने शंभर. ६५ ला आणली की एकशेवीस. ही आकडेवारी त्यांच्या एका गाडीची, त्यांच्या पायाची. पण तिच्यामागचं कारण सगळ्या गाड्यांना लागू आहे. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. मोटारीचं नाक निमुळतं, ती वाऱ्यातून वाट काढते. मोटारहोम म्हणजे सव्वादोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भिंत, आणि ती भिंत आपण वाऱ्यावर ढकलत नेतो. पन्नास-पंचावन्नच्या खाली टायरांचा विरोध जास्त असतो, त्याच्यावर वारा जड व्हायला लागतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, जी पीसीआरए म्हणून सगळ्यांना माहीत आहे, ती वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ वेगाचा सल्ला देत आली आहे, तो याच जागेजवळचा. हमरस्त्यावर त्या वेगाने गेलं तर मागचे ट्रक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात, म्हणून अण्णांची तडजोड ६५ ते ७० ची.

२३० किलोमीटरला ८० ऐवजी ६५ धरलं तर चाळीस मिनिटं जास्त लागतात आणि जवळजवळ चार लिटर डिझेल वाचतं. लिटरला नव्वद रुपये धरले तर साडेतीनशे रुपये. "तेवढ्यात चौघांची मिसळ होते, आणि ती खायला लागणारी चाळीस मिनिटं वेगळी मोजायची नाहीत," असा अण्णांचा हिशेब. तो गणितात बसत नाही, पण प्रवासात बसतो.

खरी करामत मात्र वेगात नाही, पायात आहे. ब्रेकच्या पायात. चार टनांची गाडी ऐंशीवरून पूर्ण थांबवली आणि पुन्हा ऐंशीवर नेली, की त्या एका थांब्याची किंमत साधारण ऐंशी मिलिलिटर डिझेल होते. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी फार तर तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, हे धरून काढलेला हा हिशेब. ऐंशी मिलिलिटर म्हणजे किती? टपरीवरची एक कटिंग. अण्णा नव्या माणसाला हे असंच समजावतात. करकचून ब्रेक मारला की एक कटिंग डिझेल रस्त्यावर ओतलं. साठवरून थांबलात तर अर्धी कटिंग. ब्रेकचे लायनर तापवायला एवढं महाग इंधन कशाला?

पुण्याहून कोल्हापूरला जाताना खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात. बहुतेक लोक बूथच्या पन्नास मीटर अलीकडेपर्यंत जोरात येतात आणि मग दाबतात. अण्णा नाक्याचं छत दिसलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात. गाडी गिअरमध्येच, पाय हवेत. वेग आपसूक उतरत जातो, रांगेत पोचेपर्यंत पुढच्या दोन गाड्या फास्टॅगवर निघून गेलेल्या असतात आणि कित्येकदा पूर्ण थांबावंच लागत नाही. हे कौशल्य शिकवायला अवघड आहे, कारण ते हातापायांत नसतं. पुढे अर्धा किलोमीटर काय चाललंय ते वाचत राहावं लागतं. एसटी थांब्यावर उभा असलेला घोळका, उसाचा ट्रॅक्टर वळणार की सरळ जाणार, पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट, गावाच्या वेशीवर हमखास असणारा गतिरोधक. प्रवाशांना असा ड्रायव्हर संथ वाटतो. सरासरी वेळ काढली तर तो फारसा मागे पडलेला नसतो.

पाय काढला की गिअरमध्येच का ठेवायची, न्यूट्रल का मारायची नाही? या प्रश्नाचं पहिलं उत्तर अण्णांना एसटीत मिळालं नाही, त्याआधी मिळालं.

एसटीत लागण्यापूर्वी ते एका मालट्रकवर क्लीनर होते. उस्ताद फोंडा घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडायचे. त्या काळी हा शहाणपणा समजला जायचा, आणि वाचलेल्या डिझेलचा वाटा क्लीनरलाही मिळायचा. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, आणि दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा थोडी खर्च होणार. एका पावसाळी सकाळी तिसऱ्या की चौथ्या वळणावर ब्रेक हलका लागला. पुढच्या वळणावर त्याहून हलका. उस्तादांनी ट्रक डोंगराच्या बाजूला मातीच्या ढिगाऱ्यात घातला. पुढची काच आणि अण्णांचा एक दात, एवढ्यावर निभावलं. बाजू दुसरी असती तर ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं.

या गोष्टीतला उपरोध अण्णांना फार उशिरा कळला, एसटीच्या एका प्रशिक्षणात. डिझेल इंजिन गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला, की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल सोडायचं थांबवतो. जुन्या यांत्रिक पंपात हे काम गव्हर्नर करायचा, आताच्या कॉमन रेलमध्ये संगणक करतो. खर्च शून्य. उलट न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं, तर इंजिन जिवंत ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे उस्तादांनी ज्यासाठी जीव पणाला लावला, ते गिअरमध्ये राहून फुकट मिळत होतं. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सुरक्षेसाठी सांगतात. तो काटकसरीचाही आहे, हे कुणी सांगत नाही.

चढाचं देणं मात्र चुकत नाही. आंबोली ६९० मीटरवर आहे आणि सावंतवाडी जवळपास समुद्राच्या पातळीला. गोव्याहून परतताना चार टन वर न्यायला सपाट रस्त्याच्या खर्चावर साधारण दोन लिटर जास्तीचे लागतात. कितीही हलका पाय ठेवा, हे दोन लिटर घाट घेणारच. ते कमी करायचा एकच मार्ग म्हणजे चार टनांतले काही किलो कमी करणं. म्हणून कोकणातून निघताना अण्णा पाण्याची टाकी पाव भरतात आणि सांडपाण्याची टाकी योग्य जागी रिकामी करून घेतात. पाणी वर आंबोलीतही मिळतं, आणि तिथे ते काही कमी पडत नाही! चढावर ते गिअर वेळेत उतरवतात. त्याचं कारण डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. १८९७ मध्ये ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामाला लावली. तेव्हाची वाफेची इंजिनं त्याच्या जवळपासही नव्हती. आताची इंजिनं त्याहून बरीच पुढे गेली आहेत, पण त्यांची उत्तम कामगिरी मधल्या फेऱ्यांत, बऱ्यापैकी ओझ्याखाली होते. वरच्या गिअरात कण्हत ठेवलं तर इंजिन धूर टाकतं, खालच्या गिअरात किंचाळत ठेवलं तर नुसतं फिरण्यातच डिझेल जातं. अण्णा आरपीएमच्या काट्याकडे क्वचितच बघतात. त्यांना ओट्यावरच्या स्टीलच्या पेल्याची थरथर ऐकू येते.

टायरांचं थोडक्यात. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची, आणि मागच्या जोडचाकांतल्या आतल्या चाकाचीही. आतल्या चाकाचा आळस सगळेच करतात.

वाऱ्याने मात्र एकदा अण्णांना चकवलं. जुलैत सोलापूरहून पुण्याला येताना दहाला ब्याऐंशी पडले. गाडीत बिघाड नाही, वेग सत्तरचा, सामान नेहमीचं. दोन दिवस त्यांनी फिल्टर काढून बघितले, चाक उचलून फिरवून ब्रेक चिकटतोय का ते पाहिलं. मग लक्षात आलं की जाताना त्याच रस्त्यावर एकशेपंचवीस पडले होते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो. समोरून ताशी वीसचा वारा असेल तर सत्तरने चालणारी गाडी हवेच्या दृष्टीने नव्वदने चाललेली असते आणि विरोध दीडपटीहून जास्त होतो. जाताना तोच वारा पाठीशी होता. एरवी बसच्या काचा थरथरताना वारा कळायचाच, पण एसटीत पंचावन्नच्या वेगाने इतका फरक कधी जाणवला नव्हता. आता अशा दिवशी ते साठच्या वर जात नाहीत.

उभ्या गाडीचा खर्च लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण किलोमीटर वाढत नाहीत. नुसतं चालू ठेवलेलं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, एसी लावला तर त्याहून जास्त. दिवेआगरला एका पाहुण्याने दुपारच्या झोपेसाठी तीन तास इंजिन चालू ठेवायला लावलं. वहीत त्या टाकीसमोर अण्णांनी 'झोप' एवढाच शेरा लिहिला आहे. तेव्हापासून ते गाडी सावलीत, खिडकी वाऱ्याकडे करून लावायला जागा शोधतात. नारळाचं झाड टाळून.

डिझेल वाचवणारी चुंबकं, टाकीत टाकायच्या बाटल्या, जाळ्या, त्यांनी सगळं करून पाहिलंय. वहीत तीन टाक्यांनंतर एकाही वस्तूचा फरक दिसला नाही. बदललेल्या एअर फिल्टरचा दिसला, टपावरचं रिकामं कॅरिअर काढून टाकल्याचाही दिसला.

गेल्या महिन्यापासून मालकांची मुलगी गाडी शिकतेय. कोल्हापूरहून परतताना ती चालवत होती आणि अण्णा डाव्या बाजूला बसले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात मूठभर चिंचोके होते. तिने ब्रेक दाबला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. बोलायचं काही नाही. किणीला तिने उशिरा दाबला, तासवडेला जरा लवकर पाय काढला, आनेवाडीला छत दिसताच पाय वर होता आणि गाडी सरकत सरकत फास्टॅगखाली गेली. खेड-शिवापूरच्या पुढे टपरीवर थांबल्यावर अण्णांनी डावा खिसा बाकावर रिकामा केला. दोघांनी मिळून मोजले. एक्केचाळीस.

"तुमचे किती झाले असते, अण्णा?"

अण्णांनी चिंचोके गोळा करून खिशात टाकले आणि पोराला हाक मारली, "दोन कटिंग."