तेच पोहे, वेगळी साखर

जेवल्यावर रक्तातली साखर वाढणे हा आजार नाही, पचनाचा तो रोजचा भाग आहे. पोहे, भात, पोळी, भाकरी, साबुदाणा यांतले पिष्ट आतड्यात मोडते, त्याचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. साखर चढू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि त्याच्या मदतीने ग्लुकोज स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत शिरते. यकृतही आपला वाटा साठवून ठेवते. निरोगी माणसाची साखर दोन-तीन तासांत पुन्हा पूर्वीच्या पातळीला येते. हे चढणे-उतरणे फक्त ताटातल्या पदार्थांवर ठरत नाही. आदल्या रात्रीची झोप, स्नायूंची हालचाल आणि मनावरचा ताण यांचाही त्यात हात असतो. आहार, व्यायाम आणि दिनक्रम असे तीन वेगळे सल्ले देण्याची पद्धत आहे, पण शरीरात हे तिन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी (‘तीन महिन्यांची साखर’) ५.७ ते ६.४ टक्के आली, की फॅमिली डॉक्टर ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात. १२६ किंवा ६.५ आणि त्याच्या पुढे मधुमेह धरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक या बॉर्डरलाइनवर आहेत. या अवस्थेत काही दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

प्रस्तुत लेखिकेला हा रिपोर्ट पंचेचाळिशीत मिळाला. आईला मधुमेह, दिवसभर संगणकासमोरचे काम, वजन मात्र तक्त्यानुसार ठीक. अंगाने सडपातळ असूनही साखर कशी वाढते, हा प्रश्न तिच्यासारख्या अनेकांना पडतो, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातच शोधला गेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या प्रमाणातले वजन) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर वरून बारीक दिसले तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही विशेषतः पोटात, असा हा प्रकार आहे. त्याची मुळे आईच्या गर्भारपणातल्या पोषणापर्यंत जातात, हे याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून दाखवले. म्हणूनच आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरे सांगते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की साखर तपासून घ्यावी.

डॉक्टरांच्या सल्ल्याने लेखिकेने दोन आठवड्यांचा सेन्सर लावून घेतला. दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढी चकती चिकटवतात. तिच्यातला केसासारखा तंतू कातडीखाली राहतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर सतत मोजतो. मोजमाप रक्तातले नसल्यामुळे आकडा बोट टोचून घेतलेल्या आकड्याच्या काही मिनिटे मागे असतो. रात्री त्या कुशीवर झोप लागली तर दाबामुळे साखर अचानक कोसळल्यासारखी दिसते. लेखिकेच्या मोबाइलवरही पहाटे असा लाल इशारा आला होता. कूस बदलल्यावर आलेख आपोआप सरळ झाला.

या आलेखावर सर्वांत जास्त शिकवले ते नाश्त्याच्या पोह्यांनी. रात्री सलग झोप झालेली असताना पोहे खाल्ले तर रेष चढायची आणि दुपारच्या आत उतरायची. कामामुळे जागरण झाले असेल, तर तेवढ्याच बशीने रेष १४०च्या बरीच वर जायची आणि खाली यायला वेळ घ्यायची. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि काकडी, मग निम्मे पोहे, असा क्रम ठेवला की चढ बोथट व्हायचा. नाश्त्यानंतर सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटे चालले की तो आणखी कमी. पोहे तेच, कांदा-बटाटाही तोच. एका व्यक्तीच्या दोन आठवड्यांवरून नियम बांधता येत नाही, पण जे दिसले त्याची शास्त्रीय कारणे माहीत असलेली आहेत.

क्रमाचे कारण जठरात आहे. चोथा आणि प्रथिने आधी पोटात गेली की जठर हळू रिकामे होते आणि पिष्ट आतड्यात थोडे थोडे उतरते. आपल्या रोजच्या ताटात मोठी उणीव प्रथिनांची असते. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी आणि पाव हे बहुतांशी पिष्टच आहे. साबुदाणा तर जवळजवळ शुद्ध पिष्ट, आणि उपवासाला हलके म्हणून बायका तोच दिवसातून दोनदा खातात. ज्वारीची भाकरी मैद्यापेक्षा नक्कीच चांगली. तिच्यात चोथा आहे आणि ती पोट भरते. तरी भाकरीने साखर चढतच नाही हा समज खरा नाही. तीन भाकऱ्या आणि चमचाभर पिठले यापेक्षा एक भाकरी, भरपूर पालेभाजी आणि वाटीभर घट्ट उसळ हा हिशेब शरीराला मानवतो. संध्याकाळचा चहा आणि त्यासोबतची बिस्किटे कुणी जेवणात धरत नाही. सेन्सर मात्र ती धरतो.

चालण्याचे कारण स्नायूंत आहे. एरवी ग्लुकोज पेशीत शिरायला इन्सुलिन लागते. स्नायू आकुंचन पावू लागला, की ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. ज्याचे इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याच्यासाठीही हा रस्ता खुला असतो, हे फार मोलाचे आहे. चांगल्या व्यायामानंतर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद दिवस-दोन दिवस सुधारलेला राहतो. त्यामुळे रविवारी एकदम टेकडी चढण्यापेक्षा आठवडाभर विभागलेली हालचाल जास्त कामाची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. हा दुसरा भाग आपल्याकडे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, पार विसरला जातो. स्नायू हे शरीरातले साखरेचे सर्वांत मोठे कोठार आहे, आणि मुळात स्नायू कमी असलेल्या शरीराला नुसते चालणे पुरत नाही. भिंतीला टेकून बैठका, पायऱ्या चढणे किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, अशी घरच्या घरीही सुरुवात करता येते.

झोपेची गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. शिकागो विद्यापीठाच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. एवढ्यानेच त्यांची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. झोपेसारखाच ताणही साखरेवर परिणाम करतो: ताणाच्या वेळी अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके यकृताला साखरेचा साठा मोकळा करायला सांगतात. संकटात पळायचे असेल तर ती साखर उपयोगी पडते. खुर्चीत बसून बैठक सांभाळायची असेल तर ती रक्तातच फिरत राहते. काही न खाता केवळ कामाच्या दडपणाने वर गेलेली रेष लेखिकेने पाहिली आहे.

आयुष्याचा तोल या ठिकाणी मनाच्या तयारीपेक्षा घरातल्या वेळापत्रकावर ठरतो. शेवटचा माणूस नऊनंतर घरी येतो, दहाला पाने वाढली जातात, बाराला ओटा आवरतो आणि सकाळी डब्यासाठी साडेपाचला उठायचे असते. अशा घरात ‘लवकर जेवा, पुरेसे झोपा’ हा सल्ला एकट्या बाईला देऊन काहीही होत नाही. तिच्या अर्ध्या तासाच्या चालण्यासाठी कुकरकडे दुसऱ्या कुणाला तरी पाहावे लागते. लेखिकेच्या घरी रात्रीचे जेवण साडेसातला आले, उशिरा येणाऱ्यांनी आपले ताट आपण वाढून घ्यायचे ठरले, आणि त्यामुळेच बाकीचे बदल टिकले. आहारतक्ता हातात देताना घरात स्वयंपाक कोण करते आणि ते कधी झोपते, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवे.

आहार आणि हालचालीतल्या बदलांचा परिणाम मोठ्या चाचण्यांत तपासला गेला आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि आठवड्याला १५० मिनिटांच्या व्यायामाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवर असाच अभ्यास केला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: जीवनशैली बदलाने घट २८.५ टक्के. आकडा लहान आहे, पण त्या लोकांचे वजन फारसे कमी झाले नव्हते, तरीही धोका कमी झाला. वजन हटत नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चीनमधील दाचिंग येथे १९८६ पासून सहा वर्षे असे बदल करून घेतलेल्या लोकांत तीस वर्षांनंतरही हृदयविकार कमी आढळला.

मात्र हे बदल करताना सुरू असलेली औषधे मनाने थांबवू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायाम एकदम वाढवला तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम आणि घाबरे होणे ही त्याची खूण.

रिपोर्ट वाचतानाही एक काळजी घ्यावी लागते. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचे प्रमाण. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल, तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, म्हणजे ही शक्यता दुर्मीळ नाही. लेखिकेच्या डॉक्टरांनीही आधी हिमोग्लोबिन पाहिले, लोहाच्या गोळ्या पूर्ण करायला लावल्या आणि मगच एचबीएवनसी पुन्हा केली, तीही उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेसोबत.