बाई, पुढं काय झालं?

गोष्ट अर्ध्यावर थांबली, की वर्गातून एकच आवाज येतो, "बाई, पुढं काय झालं?" प्राथमिक शाळेत शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, याची गणतीच नाही. पण या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर ते मनाला किती लागतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, ते आज तुम्हांला सांगते. त्यासाठी आधी माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची ओळख करून द्यायला हवी.

दादा २००८ साली पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. नवा देश, कडाक्याची थंडी, ओळखीचं कुणी नाही. खोलीतल्या सोबत्यानं त्याला एक ऑनलाइन खेळ दाखवला. त्याचं नाव 'सिटी ऑफ हीरोज'. २८ एप्रिल २००४ रोजी तो सुरू झाला होता. पॅरागॉन सिटी नावाचं एक काल्पनिक शहर आणि त्यात एकाच वेळी वावरणारे हजारो खेळाडू! प्रत्येकानं आपापला महावीर घडवायचा. त्याचा चेहरा, पोशाख, नाव, शक्ती, सगळं आपणच ठरवायचं.

दादानं आपल्या वीराचं नाव ठेवलं 'सह्याद्री'. निळा पोशाख, हातांतून वीज फेकायची आणि आकाशातून उडत जायचं. गंमत म्हणजे सुपरहिरोच्या पाठीवर असतो ना, तो फडफडणारा अंगरखा, तो मात्र सुरुवातीला मिळत नसे बरं का! विसाव्या लेव्हलपर्यंत पोचल्यावर तो कमवावा लागे. सह्याद्रीला अंगरखा मिळाला, त्या दिवशी दादानं आम्हांला मुद्दाम फोन करून ती बातमी सांगितली होती. मामी म्हणाली, "परीक्षेत पहिला आलास काय रे?"

या खेळात नुसती मारामारी नव्हती. त्यात एक लांबलचक गोष्ट होती आणि दर काही महिन्यांनी तिचा नवा भाग येई. २००७ पासून त्या गोष्टीत एक भाकीत ऐकू येऊ लागलं, 'एक मोठं वादळ येणार आहे.' कसलं वादळ? कुणाचं? खेळाडू डोकं खाजवत बसले. मग खेळातला सर्वांत थोर वीर स्टेट्समन यालाच लेखकांनी मरण दिलं. आता काहीतरी भयंकर घडणार, असं सगळ्यांना वाटू लागलं. गोष्टीचा चोविसावा भाग जवळजवळ तयार होता आणि काही खेळाडू तो तपासूनही पाहत होते.

आणि ३१ ऑगस्ट २०१२ रोजी अचानक बातमी आली, की खेळ बंद होणार. मालक कंपनीनं खेळ बनवणारा पॅरागॉन स्टुडिओच बंद केला. सुमारे ऐंशी माणसांची नोकरी गेली. ज्यांनी वादळाची गोष्ट रचली होती, तेच घरी गेले. मग वादळ आणणार कोण?

खेळाडूंनी काय केलं असेल? त्यांनी खेळ वाचवा म्हणून अर्ज केला. त्याला वीस हजारांहून अधिक सह्या मिळाल्या. मग एके दिवशी ते सगळे खेळातच जमले. पॅरागॉन सिटीत अ‍ॅटलास पार्क नावाची जागा आहे. तिथे नगरभवनासमोर, पृथ्वीचा गोल खांद्यावर पेलणाऱ्या अ‍ॅटलासचा भलामोठा पुतळा आहे. त्याच्या पायाशी शेकडो वीर हातांत मशाली घेऊन उभे राहिले. सह्याद्रीही त्यांत होता. तरीही निर्णय बदलला नाही. ३० नोव्हेंबर हा शेवटचा दिवस ठरला.

त्या शेवटच्या रात्री दादा जागाच होता. खेळाडू एकमेकांचा निरोप घेत होते. मग पडदा गोठला, संपर्क तुटल्याची एक ओळ उमटली आणि सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. आवाज बसलेला होता.

"अगं, वादळ आलंच नाही," तो म्हणाला. "पाच वर्षं सांगत होते, येणार, येणार. आता कधीच कळणार नाही."

मी खळखळून हसले. म्हटलं, "दादा, अरे इंजिनिअर ना तू? खेळच तो! एक बंद पडला, तर दुसरा खेळ. त्यात रडण्यासारखं काय?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग "बरं, ठेवतो," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आता माझी गोष्ट ऐका. त्या वेळी मी मराठवाड्यातल्या एका लहान गावात चौथीला शिकवत होते. डी.एड. होऊन फार वर्षं झाली नव्हती. शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटचा अर्धा तास आमच्या गोष्टीचा असे. मी स्वतःच रचलेली एक क्रमशः गोष्ट सांगायची. साळू नावाची एक मुलगी असते. गावातली विहीर आटते आणि तळाच्या चिखलात साळूला एक गंजकी किल्ली सापडते. ही किल्ली कुठल्या कुलपाची? साळू देवळात जाते, चावडीत जाते, पडक्या वाड्यात शोधते. वर्ग नुसता श्वास रोखून ऐकायचा. घरी जाण्याची घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी साळूला गढीच्या बुरुजामागे, झुडपांत दडलेलं एक बुटकं दार सापडलं. मी सांगितलं, "साळूनं किल्ली फिरवली. 'कट्ट' असा आवाज झाला. दार करकरत उघडलं. आणि..." तेवढ्यात घंटा झाली. "पुढचं पुढच्या शनिवारी!" मी म्हटलं.

पण तो शनिवार आलाच नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली आणि गोष्टीचा अर्धा तास सराव-प्रश्नपत्रिकांकडे गेला. मुलं विचारायची, "बाई, दारामागं काय होतं?" मी म्हणायची, "आधी परीक्षा, मग गोष्ट." शिष्यवृत्तीची परीक्षा झाली, वार्षिक परीक्षा झाली. आमची शाळा चौथीपर्यंतच. निकाल घेऊन मुलं गेली, पाचवीसाठी शेजारच्या गावी. पुढे माझीही बदली झाली.

आणखी एक गोष्ट कबूल करते. दारामागं काय होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं! मी दर आठवड्याला पुढचं पुढचं रचत होते. सुचेल तेव्हा सांगू, असं म्हणता म्हणता ती गोष्ट मी विसरूनही गेले.

इकडे दादाच्या खेळाचं काय झालं? शहर बंद झालं, तरी तिथली माणसं एकमेकांना विसरली नाहीत. ती आपसांत बोलत राहिली. 'वादळ' म्हणजे पुढे काय होणार होतं, हे त्यांनी जुन्या लेखकांनाच विचारलं. नोकरी गेलेले ते लेखक, पण त्यांनी उत्तरं दिली. बटालियन नावाची परग्रहावरची एक फौज येणार होती म्हणे. दादानं ते सगळं वाचून काढलं. मी विचारलं, "झालं ना मग समाधान?" तो म्हणाला, "निम्मं. लग्नाला जाता आलं नाही आणि जेवणात काय काय होतं, ते नुसतं ऐकलं, असं झालं बघ."

मग एप्रिल २०१९ मध्ये एक नवलच उजेडात आलं. काही मोजक्या लोकांनी हा खेळ कितीतरी वर्षं गुपचूप चालू ठेवला होता! बाकीच्या खेळाडूंना आनंद झाला आणि रागही आला. आम्ही इकडे झुरतोय आणि तुम्ही दार लावून खेळताय? पण त्यानंतर खेळाची मूळ आज्ञावली सगळ्यांसाठी खुली झाली. हौशी लोकांनी देणग्या जमवून 'होमकमिंग' नावानं शहर पुन्हा उभं केलं. जानेवारी २०२४ मध्ये तर मालक कंपनीनंही त्यांना रीतसर परवाना दिला. दादानं सह्याद्री पुन्हा घडवला, पहिल्या लेव्हलपासून. कारण जुना सह्याद्री गेला तो गेलाच. "पोशाख तोच आहे," दादा म्हणाला, "पण अंगरखा पुन्हा मिळाला, तेव्हा कुणाला फोन करू, कळेना."

हे ऐकूनही मला माझी साळू आठवली नाही, बरं का!

ती आठवली गेल्या उन्हाळ्यात. काही कामासाठी त्या जुन्या गावाकडे गेले होते. आठवडी बाजारात भाजी घेत होते, तोच मागून हाक आली, "बाई, ओळखलं का?" एकवीस-बावीस वर्षांचा, मिशा फुटलेला पोरगा. आता दुधाची गाडी चालवतो. पाया पडला. मी घरच्यांची चौकशी केली. मग तो जरा लाजत म्हणाला, "बाई, एक विचारायचं होतं. त्या साळूच्या दारामागं काय होतं हो?"

मुलांनो, माझ्या हातातली पिशवी खाली टेकली. बारा वर्षं! बारा वर्षं त्यानं तो प्रश्न जपून ठेवला होता.

मी म्हटलं, "तुला काय वाटतं रे, काय असेल?"

"मी केला होता मनानंच शेवट. धाकटी बहीण झोपंना, की तिला सांगायचो. दारामागं बारव होती. पायऱ्या उतरून खाली गेलं, की गारगार पाणी. सगळ्या गावाला पुरंल इतकं. त्या साली आपल्याकडं टँकर येत होता ना, बाई."

खरंच होतं. २०१२-१३चा तो दुष्काळ. पोरं कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची आणि शाळेला उशीर व्हायचा. त्या मुलांना मी कोरड्या विहिरीची गोष्ट सांगितली आणि दार उघडायच्या क्षणी निघून गेले!

"किती छान शेवट केलास!" मी म्हटलं.

"पण तो माझा झाला, बाई. तुमच्या गोष्टीत काय होतं?"

तेव्हा मला दादाचा तो फोन आठवला. 'खेळच तो,' असं म्हणून हसले होते मी! दादाला वाईट वाटलं होतं ते खेळ गेला म्हणून नव्हे. कुणीतरी त्याला 'आणि...' म्हणून थांबवलं होतं आणि तो तिथेच उभा राहिला होता. माझ्या वर्गासारखाच.

मी त्याचा फोन नंबर घेतला. "पुढच्या शनिवारी सांगते," म्हटलं. या वेळी मात्र शब्द पाळला. घरी येऊन वही काढली आणि शेवट लिहिला. त्याची बारव मी घेतली, त्याला विचारून. पण माझ्या गोष्टीत ती गाळानं भरलेली होती. साळू गावाला बोलावून आणते. लहानथोर सगळे उन्हाळाभर गाळ उपसतात. मग मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि रात्रीतून बारवेत पाणी येतं. शनिवारी मी त्याला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "असं होय! बरं झालं बाई, संपली एकदाची. आता बहिणीला सांगतो." ती बहीण आता कॉलेजात जाते!

त्याच रात्री दादालाही फोन केला. "तेव्हा हसले होते, चुकलंच माझं," म्हटलं. तो म्हणाला, "अगं, तू कधी हसलीस? मला तर आठवतही नाही." पण त्याला आठवत होतं. नाहीतर इतक्या पटकन तो बोलला नसता.

चांगला निरोप कसा असतो, तेही सांगते. 'क्लब पेंग्विन' नावाचा मुलांचा एक ऑनलाइन खेळ होता. त्यात पाण्यावर तरंगणारा एक हिमनग होता. पुष्कळ पेंग्विन एका बाजूला जमले तर तो उलटतो, अशी मुलांत अफवा होती. वर्षानुवर्षं मुलं प्रयत्न करत, पण हिमनग काही हलायचा नाही. ३० मार्च २०१७ रोजी तो खेळ बंद झाला. पण त्याआधी बनवणाऱ्यांनी निरोपाचा सोहळा केला आणि त्यात हिमनग खरोखरच उलटवून दाखवला! खेळ गेल्याचं दुःख मुलांना झालंच. पण निदान 'पुढं काय झालं' हे त्यांना कळलं होतं.

तेव्हा मुलांनो, एक ध्यानात ठेवा. गोष्टीचं पुस्तक तुमच्या कपाटात राहतं. ऑनलाइन खेळाचं जग मात्र कंपनीच्या संगणकांवर असतं. त्यांनी कळ दाबली, की ते मिटलं. म्हणून त्यात सगळा जीव गुंतवू नका, खेळातले मित्र तेवढे जपा. आणि आईबाबांनाही सांगणं आहे, मूल अर्ध्या गोष्टीसाठी डोळे पुसत असेल तर हसू नका. 'त्या गोष्टीत काय काय होतं, मला सांग बरं,' एवढं म्हणा. बघा, जेवण निवेपर्यंत सांगत बसेल.

माझ्या वर्गात शनिवारची गोष्ट अजून चालते. पण आता नवी गोष्ट काढण्याआधी मी तिचा शेवट वहीत लिहून ठेवते आणि ती वही टेबलाच्या खणात असते. मुलांना ते ठाऊक आहे. मी एकदा आजारी पडले, तर त्यांनी मोठ्या बाईंकडून खण उघडून घेतला आणि शेवट वाचून काढला!