रुसणारे यंत्र

पूर्ण बंद पडलेले यंत्र परवडले. मधूनच रुसणारे नको! विंडोज १० ची मोफत सुधारणासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपायची होती, म्हणून मी अर्धवेळ काम करतो त्या कचेरीतले लॅपटॉप विंडोज ११ वर नेले. तेव्हापासून वाय-फाय जाऊ-येऊ लागले. तंत्रज्ञ समोर उभा राहिला की सारे सुरळीत! ठपका आला तो कंत्राटावरच्या काकूंवर : “यांना जमतच नाही.” काकू वाद घालीत बसल्या नाहीत. वाय-फाय गेल्याची प्रत्येक वेळ त्यांनी वहीत टिपली. आठवड्याने ध्यानात आले, लॅपटॉप काही काळ स्वस्थ राहिला की हे घडते. वीज वाचविण्यासाठी वाय-फायचे कार्ड बंद करण्याची मुभा नव्या ड्रायव्हरबरोबर चालू झाली होती. ती खूण काढली, रुसवा गेला. आता तंत्रज्ञ आला की आधी काकूंची वही मागतो.